छपराखालचे डुक्कर

'घर' या अर्थाचे चिनी अक्षर छपराखाली डुक्कर दाखवते. उत्तर चीनमध्ये जुन्या वर्षाच्या शेवटच्या रात्री सारे घर मिळून ज्याओझ करते. गव्हाच्या पिठाच्या पातळ पारीत डुकराचा खिमा, कोबी, आले भरून करंजीसारखे मिटतात आणि उकळत्या पाण्यात सोडतात. तुर्फानजवळ अस्तानाच्या थडग्यांत थांग काळातले (618–907) ज्याओझ सापडले आहेत.

गरिबाला मात्र तेही दुर्लभ. 1945 साली येनानमध्ये रंगमंचावर आलेल्या 'पांढऱ्या केसांची मुलगी' या संगीत नाटकातले कूळ सणाच्या ज्याओझसाठी थोडे पीठ आणते. जमीनदार कर्जापोटी त्याची मुलगीच नेतो. त्या कुळाच्या वाट्याला भूक आली, खाण्याची लाज आली नाही. आमच्या वाट्याला दोन्ही आल्या. आम्ही डुक्कर खातो हे मला शाळेत लपवावे लागे. मांस तेच, विटाळ जातिव्यवस्थेने लावलेला आहे.