आयसीडी (शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर)

हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय जीवघेणी बिघडली की ती ओळखून आपणहून विजेचा झटका देणारे यंत्र. बहुधा डाव्या खांद्याखाली, त्वचेच्या आत ते बसवतात; त्याची तार (लीड) शिरेतून हृदयापर्यंत जाते. घरोघरी यालाही ‘पेसमेकर’च म्हणतात. पेसमेकर मंद हृदयाला चालते ठेवतो. आयसीडी ते काम करतेच, शिवाय भरकटलेली लय झटक्याने थांबवते. डॉक्टरांना सांगताना हा फरक नेमका सांगावा.

आपल्या गुरूंचा मृत्यू अशा लयबिघाडाने झाल्यावर मिशेल मिरॉव्स्की यांनी या यंत्राचा ध्यास घेतला. ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते माणसाला प्रथम बसवले गेले. तेव्हा त्यासाठी छाती उघडावी लागे.

रोजच्या जगण्यात सर्वांत जपायचे ते चुंबकापासून. आयसीडीवर चुंबक आला की बहुतेक यंत्रांत झटक्याची सोय तेवढा वेळ बंद पडते, आणि रुग्णाला ते कळेलच असे नाही. आपल्याकडे मोबाइलची जागा शर्टाचा डावा खिसा, म्हणजे नेमकी यंत्रावरची. पाठीत चुंबक असलेल्या नव्या फोनांमुळे ही सवय मोडायलाच हवी. फोन उजव्या कानाला लावावा आणि यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर तरी, लांब ठेवावा. चुंबकीय पट्टे आणि बिल्लेही छातीपासून दूरच बरे. इंडक्शन शेगडीपासून दोन फुटांचे अंतर राखावे. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह यांची भीती नको. मात्र अर्थिंग नसलेला गीझर किंवा पाण्याचा पंप आधी दुरुस्त करून घ्यावा. गळणारा वीजप्रवाह यंत्राला लयबिघाडासारखा भासू शकतो, आणि मग विनाकारण झटका बसतो. विमानतळावर किंवा देवळाच्या दाराशी मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून न रेंगाळता जावे, आयसीडीचे ओळखपत्र (कार्ड) दाखवावे आणि हातातला डिटेक्टर छातीवर धरू देऊ नये.

झटका छातीवर लाथ बसावी तसा लागतो, असे रुग्ण सांगतात. एकच बसला आणि नंतर बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ दोन बसले, किंवा एकानंतरही छातीत दुखले, धाप लागली, घेरी आली, तर १०८ला फोन करावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. झटक्याच्या वेळी हात धरलेल्या माणसाला फार तर मुंग्या येतात, इजा होत नाही. हे घरच्यांना आधीच माहीत हवे, नाहीतर नेमक्या त्या क्षणी सगळे मागे सरतात. पुढच्या झटक्याच्या धास्तीने घराबाहेर पडणेच सोडणारे रुग्ण असतात. ती धास्ती खरी असते, आणि तपासणीच्या वेळी तीही मोकळेपणाने बोलून दाखवावी.

कोणत्याही शस्त्रक्रियेआधी यंत्राची कल्पना द्यावी. विजेच्या चाकूने झटका सुरू होऊ शकतो. एमआरआय चालेल की नाही, हे यंत्र आणि तार दोन्ही पाहून ठरते.

अखेरच्या आजारात झटक्याची सोय बाहेरूनच बंद करता येते, शस्त्रक्रिया लागत नाही. म्हणजे जाणाऱ्या माणसाला झटके सोसावे लागत नाहीत. याविषयी डॉक्टरांशी वेळेत बोलावे. दहनापूर्वी यंत्र काढून घेणे आवश्यक असते, कारण त्यातली लिथियमची बॅटरी आगीत फुटते. मृतदेह ताब्यात घेतानाच नातेवाइकांनी रुग्णालयाला तसे सांगावे.