'मेंटल' : उपनगरांतील एका शब्दाचा इतिहास

शब्दाचा अर्थ अनेकदा शब्दाच्या दोषाने बिघडत नाही. ज्या वास्तूशी तो जोडला जातो, तिच्यामुळे बिघडतो. मुंबईच्या उपनगरांतील किशोरवयीन मुलांच्या बोलीतील 'मेंटल' हा शब्द याचे बोलके उदाहरण होय.

मुलुंड-घाटकोपरच्या वर्गांत मराठी, गुजराती, हिंदी, तमिळ अशा घरांतील मुले एकत्र बसतात. प्रत्येक घराचा शब्द निराळा : वेडा, गांडो, पागल, पैत्तियम. मराठी 'वेडा' या शब्दास मायेचीही छटा आहे. 'वेडा कुठला' असे आई लेकरास म्हणते. संतवाङ्मयात 'पिसे' हा शब्द भक्तीतील तन्मयतेसही लागतो. मात्र या सर्व मुलांची सामाईक शिवी जी 'मेंटल', तिला मायेची बाजू जवळजवळ उरलेली नाही.

आश्चर्य हे की, हा शब्द मुळात अप्रतिष्ठा दूर करण्यासाठीच योजिला गेला होता. १८५८ व १९१२ च्या कायद्यांची परिभाषा 'लुनॅटिक' या शब्दावर उभी होती आणि रुग्णांच्या निवासास 'असायलम' म्हणत. १९२० च्या सुमारास सरकारने या संस्थांस 'मेंटल हॉस्पिटल' हे नाव दिले. नाव बदलले, भिंती राहिल्या. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. मुलुंडच्या पुढचेच स्थानक ठाणे. म्हणून 'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा या भागात सहज रुजली. पुण्याकडे येरवडा व हिंदी भाषकांत आग्रा हीच भूमिका बजावतात. उपचाराचे स्थळ वस्तीपासून तोडले की स्थळनामही शिवी होते.

१९८७ च्या कायद्याने 'लुनॅटिक' हा शब्द काढून टाकला. २०१७ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन असे ठरविले की, समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे एवढ्यावरून कोणासही मनोरुग्ण ठरविता येणार नाही. परंतु कायद्याची परिभाषा शाळेच्या मधल्या सुट्टीत बोलली जात नाही.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका गुजराती भाषक विद्यार्थिनीस कित्येक आठवडे झोप नव्हती. घरी, मैत्रिणींत व शिक्षकांपाशी तिने एकच शब्द वापरला : 'टेन्शन'. हा शब्द कोणत्याही घरचा नाही, कोणत्याही रुग्णालयाचा नाही, म्हणून सुरक्षित. परंतु त्याच्या आड परीक्षेची धास्ती व खरा आजार दोन्ही सारखेच दिसतात. तिचे दुखणे कोणास कळले, ते बरेच उशिरा.

यावर आणखी एखादा सौम्य शब्द घडविणे हा उपाय नव्हे. 'डिप्रेशन' हा शब्दही आता थट्टेत वावरू लागला आहे. इतिहास निराळी दिशा दाखवितो. १९३८ साली जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सर्वसाधारण रुग्णालयाच्याच आवारात, मानसोपचाराची सोय झाली. तापाच्या व मोडलेल्या हाडाच्या रुग्णाशेजारी मनोरुग्ण बसू लागला. केस-पेपर काढून रांगेत उभ्या असलेल्या मुलास कोणी 'मेंटल' म्हणून ओळखू शकत नाही. अशी रांग प्रत्येक उपनगरात, मुलाच्या घराजवळ असली पाहिजे. शब्दास शुद्ध करावयाचे तर आधी त्याच्या भोवतालची भिंत पाडावी लागते.