बेंजोतला ‘बें’

लातूरच्या गंजगोलाईत वरात अडली होती. खांद्यावरच्या नातवानं विचारलं, “आजोबा, ब्यांड आला का?” म्हातारबा म्हणाले, “ब्यांड न्हाई रे, बेंजो हाय त्यो.” मी तिथंच थबकलो. एकाच तोंडून, एका दमात ‘ब्यां’ही आणि ‘बें’ही! आपण ब्यांक म्हणतो, ब्यांड म्हणतो, ब्याग म्हणतो. हा शब्द इंग्रजीतून थेट आला असता तर ‘ब्यांजो’च झाला असता. मग ‘बें’ कुठून आला?

वाद्याचं कूळ झटपट सांगतो. १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ घडवलं: लाकडी पेटी, तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. आपल्याकडे त्याचं बुलबुलतरंग झालं, बेंजो झालं. खऱ्या बँजोशी त्याचा सुतराम संबंध नाही. तो बँजो कातडं मढवलेला, लांब दांड्याचा, अमेरिकेतल्या आफ्रिकी गुलामांचा. त्याच्या नावावरूनही भांडण आहेच: कुणी अंगोलातल्या किंबुंदू भाषेतल्या ‘म्बान्झा’कडे बोट दाखवतो, कुणी पोर्तुगीज ‘बांदुर्रा’कडे. थोडक्यात, आपल्या बेंजोचं अंग जपानी आणि नाव उसनं.

आता ‘बें’. पहिला दावेदार गुजराती. गुजराती माणूस बँकेला ‘बेंक’ आणि बँडला ‘बेन्ड’ म्हणतो. कराचीकडचे बलुची वादक याच वाद्याला ‘बेंजू’ म्हणतात, आणि १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराची, कच्छ, मुंबई अशी वाट सरळ दिसते. मुंबईपुरतं मला हे पटतंही.

पण लातूर-नांदेडला मुंबईची वाट कशाला? १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. इथं कव्वाली गल्लीबोळात मुरलेली, पुढे भीमगीतांनीही कव्वालीचा बाज उचलला. कव्वाली पार्टीत पेटीशेजारी बेंजो बसतोच. उर्दूतला ‘बैं’ मराठी कानाला ‘बें’ ऐकू येतो. मग उर्दूवाल्यांच्या बँकेची ‘बेंक’ का नाही झाली? कारण बँक कचेरीतून आली आणि बेंजो मैफलीतून. माझा कौल कव्वालीला.

पुरावा वादकाच्या बोटांत आहे. बटणावर मींड निघत नाही, सूर लांबत नाही. म्हणून डावा हात बटणं थरथरवतो, उजवा तारांवर नखी सपासप मारतो. कव्वालीच्या टाळ्यांवर चालणारी हीच घाई वरातीत हलगीच्या ठेक्यावर बसली. पिकअप लावला, भोंगा जोडला, शेजारी ऑक्टोपॅड आला. चाल सिनेमाची असो नाहीतर जयंतीच्या गाण्याची, दोन गल्ल्या अलीकडून ओळखू येणारा तो किणकिणता आवाज असा बनला. २०१६ साली रवी जाधवांच्या ‘बँजो’ सिनेमात बेंजो वाजवणारा नायक झाला आपल्या लातूरचाच रितेश देशमुख!

एक पुरावा माझ्या विरोधात जातो. त्या वरातीच्या टेम्पोवर रंगाऱ्यानं ठळक अक्षरांत ‘बँजो पार्टी’ लिहिलं होतं. खाली उतरलेल्या वादकाला विचारलं, “काय वाजवता?” घाम पुसत तो म्हणाला, “बेंजो.” रंगारी शाळेत शिकला, वादक उस्तादापाशी. मी वादकाचं ऐकतो.