ऑलिंपिक शस्त्रसंधी : प्राचीन संस्था व आधुनिक अपेक्षा

क्रीडेच्या योगाने राष्ट्राराष्ट्रांतील वैर शमविता येते, हा विचार आपल्या काळात इतका रूढ झालेला आहे की, त्याची ऐतिहासिक छाननी करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. या विचाराचा आधार म्हणून प्राचीन ग्रीसमधील ऑलिंपिक शस्त्रसंधीचा दाखला नेहमी दिला जातो. दर चार वर्षांनी ऑलिंपियाचा उत्सव जवळ आला म्हणजे सर्व ग्रीक नगरराज्ये आपापली युद्धे थांबवीत आणि शस्त्रे खाली ठेवून एका मैदानावर एकत्र येत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९३ पासून या विषयावर जे ठराव केले, त्यांतही याच परंपरेचा हवाला दिलेला आहे. तथापि ग्रीक ग्रंथकारांचे लेखन पाहिले असता निराळे चित्र दिसते. या शस्त्रसंधीने युद्धे थांबत नसत. ती सर्वत्र थांबावीत अशी अपेक्षाही त्यामागे नव्हती. असे असूनही ही संस्था शतकानुशतके टिकून राहिली. ती कशाच्या बळावर टिकली, आणि तिच्या आधुनिक अवतारास तेवढे यश का लाभले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. संस्थेचे मूळ स्वरूप

या संधीस ग्रीक भाषेत ‘एकेखैरिया’ असे नाव होते. त्याचा शब्दशः अर्थ ‘हात आवरून धरणे’ असा होतो. परंपरेनुसार ईलिसचा राजा इफिटस याने स्पार्टाच्या लायकर्गसच्या साहाय्याने ही प्रथा घालून दिली. संधीची कलमे एका चकतीवर कोरलेली होती व ती चकती ऑलिंपियातील हेरादेवीच्या मंदिरात ठेवलेली होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात प्रवास करणाऱ्या पॉसेनिअसने तिचा उल्लेख केला आहे. खेळांचा आरंभ इ. स. पू. ७७६ मध्ये झाला असे परंपरा मानते. इफिटसची कथा ऐतिहासिक आहे की दंतकथा आहे, हा प्रश्न येथे बाजूस ठेवला तरी चालेल. संधीचा व्यवहार कसा चाले हे पाहणे अधिक महत्त्वाचे होय.

उत्सवापूर्वी ईलिसचे दूत निरनिराळ्या नगरराज्यांत जाऊन संधीची घोषणा करीत. संधीचा काळ आरंभी एक महिन्याचा असावा व पुढे तो वाढला असावा, असे मानले जाते. या काळात दोन गोष्टी निषिद्ध होत्या. एक म्हणजे यजमान ईलिसच्या भूमीवर सैन्य नेणे, आणि दुसरी म्हणजे उत्सवास जाणाऱ्या-येणाऱ्या खेळाडूंस, यात्रेकरूंस व राजदूतांस वाटेत उपद्रव देणे. थोडक्यात, हा शांततेचा तह नव्हता. ते एक अभयपत्र होते. त्याचा लाभ वाटसरूस व पवित्र क्षेत्रास मिळे, युद्धमान राज्यांस नव्हे. इ. स. पू. ३४८ च्या सुमारास फ्रायनॉन नावाचा एक अथेन्सवासी संधीच्या काळात पकडला गेला व त्यास खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली, तेव्हा अथेन्सने हे प्रकरण मॅसिडोनियाच्या फिलिपकडे नेले. फिलिपने त्याची दाद घेतली. एका प्रवाशाची तक्रार एका बलाढ्य राजास ऐकून घ्यावी लागली, यात संस्थेचे खरे सामर्थ्य दिसून येते.

२. इ. स. पू. ४२० चा वाद

संधीचा भंग झाला असता काय होई, याचे सर्वांत तपशीलवार वर्णन थ्यूसिडिडीसच्या इतिहासात सापडते. पेलोपोनेशियन युद्धाच्या काळात स्पार्टाने फिरकस नावाच्या ठाण्यावर हल्ला केला आणि ईलिस व स्पार्टा यांच्यात वादग्रस्त असलेल्या लेप्रेऑन येथे सैनिक पाठविले. हे संधीच्या काळात घडले असा ईलिसचा आरोप होता. नियमाप्रमाणे दर सैनिकामागे दोन मिना या हिशेबाने दोन हजार मिनांचा दंड स्पार्टावर बसविण्यात आला. म्हणजे वाद एक हजार सैनिकांविषयी होता.

स्पार्टाचा बचाव असा की, सैनिक निघाले त्या वेळी संधीची घोषणा स्पार्टात झालेलीच नव्हती. त्यावर ईलिसचे उत्तर असे की, घोषणा प्रथम आपल्या घरी होते. ती आमच्याकडे झाली होती, आम्ही बेसावध होतो, आणि त्याच स्थितीत आमच्यावर आघात झाला. पुढे ईलिसने तडजोडही सुचविली. लेप्रेऑन परत केल्यास आम्ही दंडातील आपला वाटा सोडू व देवतेचा वाटा तुमच्या वतीने आम्हीच भरू, असे त्यांनी सांगितले. तेही मान्य झाले नाही. निदान झ्यूसच्या वेदीसमोर सर्व ग्रीकांच्या साक्षीने दंड पुढे भरण्याची शपथ घ्या, ही शेवटची सूचनाही स्पार्टाने नाकारली. तेव्हा स्पार्टास मंदिर, यज्ञ व स्पर्धा या सर्वांतून वगळण्यात आले.

या प्रकरणाचा शेवटही बोधप्रद आहे. स्पार्टा बळाने आत येईल या भीतीने त्या वर्षीचे खेळ सशस्त्र पहाऱ्यात झाले. ईलिसच्या तरुणांखेरीज आर्गॉस व मँटिनिया येथून प्रत्येकी एक हजार सैनिक आणि अथेन्सचे काही घोडेस्वार पहाऱ्यास होते. लिखास नावाच्या स्पार्टन धनिकाने आपला रथ बिओशियाच्या नावाने शर्यतीत उतरविला आणि तो जिंकला. रथ आपलाच आहे हे दाखविण्यासाठी त्याने मैदानात येऊन सारथ्याच्या मस्तकी माळ घातली, तेव्हा पंचांच्या सेवकांनी त्यास फटके मारले. हा अपमान स्पार्टा विसरली नाही. सुमारे दोन दशकांनंतर स्पार्टाने ईलिसवर स्वारी केली, तेव्हा झेनोफनने दिलेल्या कारणांत खेळांतील बहिष्कार व लिखासला बसलेले फटके यांचीही गणना आहे.

३. संस्थेच्या मर्यादा

उपर्युक्त वादात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अथेन्स व स्पार्टा यांच्या संघर्षाविषयी ईलिसने तक्रार केली नाही. त्या युद्धाच्या सत्तावीस वर्षांत (इ. स. पू. ४३१ ते ४०४) खेळ ठरल्याप्रमाणे होत राहिले व युद्धही चालू राहिले. इतकेच नव्हे, तर इ. स. पू. ४२८ च्या उत्सवात मिटिलीनीच्या राजदूतांनी ऑलिंपियातच अथेन्सविरुद्ध मदतीची याचना केली. जे स्थान पुढे शांततेचे प्रतीक मानले गेले, तेथे युद्धाचे मित्र शोधण्याचेही काम चाले. मात्र तहनाम्यांचे स्तंभ उभारण्यासाठीही हेच स्थान निवडले जाई. इ. स. पू. ४२१ च्या निकियासच्या तहाची एक प्रत ऑलिंपियात उभारावी असे त्या तहातच नमूद आहे. सर्व पक्षांस सुरक्षितपणे येता येईल असे ठिकाण उपलब्ध होणे, हाच या संस्थेचा राजकीय लाभ होता. त्या ठिकाणाचा उपयोग कशासाठी करावयाचा हे येणाऱ्यांनी ठरवावयाचे होते.

संधीचा सर्वांत गंभीर भंग इ. स. पू. ३६४ मध्ये झाला, आणि तो संधीचे रक्षक म्हणविणाऱ्या ईलिसवासीयांनीच केला. त्या वर्षी आर्केडियाच्या लोकांनी ऑलिंपिया ताब्यात घेऊन पिसाच्या लोकांकरवी उत्सव चालविला होता. पंचक्रीडेची स्पर्धा चालू असताना ईलिसचे सैन्य पवित्र क्षेत्रात घुसले. मंदिराच्या व ओवऱ्यांच्या छपरांवरून बचाव करणाऱ्यांनी अस्त्रे फेकली. रात्री आर्केडियाच्या लोकांनी उत्सवासाठी काळजीपूर्वक उभारलेले मांडव मोडून त्यांच्या लाकडांचा कोट रचला. ईलिसने पुढे हे ऑलिंपिक आपल्या गणनेतून काढून टाकले. ज्याच्या हाती दंडाचा अधिकार, तोच पक्षकार झाला म्हणजे संस्था कशी कोलमडते, याचे हे उदाहरण होय.

४. आधुनिक खेळ व संधीचे पुनरुज्जीवन

१८९४ मध्ये पॅरिसच्या परिषदेत पिअर द कूबर्तँ यांच्या प्रेरणेने ऑलिंपिक खेळांच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय झाला व १८९६ मध्ये अथेन्स येथे पहिले आधुनिक खेळ झाले. राष्ट्रांतील परस्परपरिचय वाढावा हा हेतू या चळवळीत आरंभापासून होता. परंतु शस्त्रसंधीची औपचारिक घोषणा करण्याची प्रथा जवळजवळ शंभर वर्षे नव्हती. प्राचीन काळी युद्धे चालू असताना खेळ होत. आधुनिक काळात १९१६, १९४० व १९४४ चे खेळ युद्धापायी रद्द झाले. १९२० च्या अँटवर्प येथील खेळांस जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांस निमंत्रण नव्हते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याशी संबंधित असलेल्या दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारताचा पहिला ऑलिंपिक संघ गेला, तो याच विजेत्यांच्या मेळाव्यास. १९४८ मध्ये लंडन येथे जर्मनी व जपान यांना वगळण्यात आले. १९५६ मध्ये हंगेरी व सुएझ या दोन प्रश्नांवरून अनेक देशांनी मेलबर्नच्या खेळांतून माघार घेतली. १९७२ मध्ये म्यूनिक येथे इस्राएलच्या संघातील अकरा जणांची हत्या झाली.

संधीची कल्पना पुढे आली ती युगोस्लाव्हियाच्या विघटनाच्या वेळी. ३० मे १९९२ रोजी सुरक्षा समितीने ७५७ क्रमांकाच्या ठरावाने सर्बिया व माँटेनेग्रो यांच्यावर निर्बंध घातले, त्यांत क्रीडास्पर्धांतील सहभागाचाही समावेश होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने वाटाघाटी करून तेथील खेळाडूंना ‘स्वतंत्र सहभागी’ म्हणून बार्सेलोनात व्यक्तिशः खेळण्याची मुभा मिळविली. याच खेळांत बॉस्निया-हर्झेगोव्हिनाचा संघही प्रथमच उतरला. त्याच वर्षी समितीने शस्त्रसंधीचे आवाहन केले आणि २५ ऑक्टोबर १९९३ रोजी आमसभेने ४८/११ हा ठराव संमत केला. खेळांच्या उद्घाटनापूर्वीच्या सातव्या दिवसापासून समारोपानंतरच्या सातव्या दिवसापर्यंत संधी पाळावा, असे त्यात म्हटले होते.

पहिली कसोटी लगेच आली. लिलेहॅमर येथील हिवाळी खेळ १२ फेब्रुवारी १९९४ रोजी सुरू व्हावयाचे होते. म्हणजे संधीचा पहिला दिवस ५ फेब्रुवारी हा होता. त्याच दिवशी, १९८४ च्या हिवाळी खेळांचे यजमानपद भूषविलेल्या साराएव्होच्या बाजारात तोफगोळा पडून ६८ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे खेळांच्या काळात शहरावरील तोफांचा मारा पुष्कळ अंशी थांबला हे खरे. परंतु त्याचे श्रेय ठरावास देता येत नाही. ९ फेब्रुवारी रोजी नाटोने अवजड तोफा शहरापासून वीस किलोमीटर दूर न्याव्यात वा संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात द्याव्यात, अन्यथा हवाई हल्ले होतील, अशी निर्वाणीची सूचना दिली होती. तेव्हाचे समितीचे अध्यक्ष सामारांच खेळ चालू असतानाच साराएव्होस जाऊन आले. वेढा मात्र १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत उठला नाही.

५. कोरियाचे उदाहरण

संधीच्या आधुनिक यशाचे ठळक उदाहरण म्हणून कोरियाचा निर्देश करावा लागेल. २००० मध्ये सिडनी येथे उत्तर व दक्षिण कोरियाचे खेळाडू एका ध्वजाखाली संचलनात उतरले. २०१८ मध्ये प्यॉंगचांग येथे महिलांच्या बर्फावरील हॉकीसाठी दोहोंचा संयुक्त संघ होता. या दोन्ही प्रसंगी क्रीडेने शांतता निर्माण केली असे म्हणणे धाडसाचे होईल. सिडनीपूर्वी तीन महिने दोन्ही नेत्यांची प्यॉंगयांग येथे भेट झालेली होती. राजकारण पुढे होते व खेळ त्याच्या मागून आला. २०१८ चा क्रम अंशतः निराळा आहे. त्या वर्षी अमेरिका व दक्षिण कोरिया यांनी आपली लष्करी कवायत खेळ संपेपर्यंत पुढे ढकलली. उत्तरेचे प्रतिनिधी खेळांस आले व २७ एप्रिल रोजी पानमुंजॉम येथे दोन्ही नेते भेटले. येथे खेळांनी तारीख, स्थळ व भेटण्यास एक सन्मान्य निमित्त पुरविले. पुढे २०१९ मधील हानोईची अमेरिका–उत्तर कोरिया भेट निष्फळ ठरली आणि १६ जून २०२० रोजी उत्तरेने केसाँग येथील संयुक्त संपर्क कार्यालय स्फोटाने उडवून दिले. दार उघडले गेले, परंतु आत जाऊन बोलणी पुरी करणे हे खेळाडूंच्या हाती नव्हते.

६. उपसंहार

प्राचीन संधीचे वचन लहान होते. परंतु त्यात लाभ कोणास, निषिद्ध काय व दंड किती, हे तिन्ही निश्चित होते. आधुनिक ठरावाचे वचन विशाल आहे, पण ते भंगले असता उत्तर कोणी द्यावयाचे हे त्यात सांगितलेले नाही. ८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगच्या खेळांचे उद्घाटन होत असताना जॉर्जियात युद्ध पेटलेले होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे बीजिंगच्याच हिवाळी खेळांच्या समारोपानंतर चौथ्या दिवशी, रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. या दुसऱ्या प्रसंगी समितीने रशियाच्या व बेलारूसच्या खेळाडूंना स्पर्धांत निमंत्रित करू नये अशी शिफारस केली. इ. स. पू. ४२० नंतर संधीभंगाबद्दल बहिष्काराचे शस्त्र इतक्या स्पष्टपणे क्वचितच उपसले गेले असेल. पुढे २०२४ च्या पॅरिस खेळांत या देशांतील काही खेळाडू तटस्थ व्यक्ती म्हणून उतरले. लिखासला राज्याचे नाव लपविल्याबद्दल फटके बसले. आधुनिक खेळाडूस राज्याचे नाव बाजूस ठेवून खेळण्याची कायदेशीर सोय आहे. नागरिक व राज्य यांत असा भेद करणे प्राचीन ग्रीकांस सुचले नव्हते, आणि येथे आधुनिक संस्था पुढे गेली आहे हे मान्य केले पाहिजे. तथापि लिखासच्या अपमानाची परिणती युद्धात झाली, हेही विसरता येत नाही. दंडाने नियमाचा मान राहतो, पण दंडित राज्याचे मन त्याने वळत नाही.

तेव्हा संघर्षग्रस्त प्रदेशांत क्रीडेच्या द्वारे शांतता आणू इच्छिणाऱ्यांनी इतिहासाकडून घ्यावयाचा धडा उघड आहे. युद्ध थांबवा, असे खेळांच्या नावाने सांगण्यापेक्षा अमुक तारखेपर्यंत अमुक रस्ता खुला ठेवा, अमुक खेळाडूंस परवाने द्या, अमुक कवायत पुढे ढकला, असे सांगणे अधिक फलदायी ठरते. कारण अशी मागणी पाळली गेली की नाही, हे कोणासही पाहता येते. ऑलिंपियाच्या वाटेवरील प्रवाशास सुखरूप घरी पोहोचविण्याचे काम त्या संस्थेने दीर्घकाळ केले. दोन शत्रूंना एका ठिकाणी निर्भयपणे येता यावे, एवढी व्यवस्था खेळ करू शकतात. तेथे आल्यावर काय बोलावयाचे, याची जबाबदारी मात्र राज्यकर्त्यांचीच राहते.