भेंडीबाजार: गाण्याला नाव देणारा मोहल्ला

भेंडीबाजार म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. रमजानच्या रात्रीचं खाणं आणि वर्तमानपत्रांतल्या गुन्हेगारीच्या बातम्या. तिसरी गोष्ट सांगितली तर अनेकांना नवल वाटतं. हिंदुस्थानी संगीतातल्या एका घराण्याला या मोहल्ल्याचं नाव आहे.

ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, पतियाळा ही घराणी गावांच्या नि संस्थानांच्या नावांनी ओळखली जातात. भेंडीबाजार घराण्याला ना संस्थान, ना दरबार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुरादाबादकडचे छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ मुंबईत आले आणि या वस्तीत राहिले. लोक त्यांना ‘भेंडीबाजारवाले’ म्हणू लागले, तेच पुढे घराण्याचं नाव झालं.

मोहल्ल्याच्या स्वतःच्या नावाबद्दल मात्र वाद आहे. इथे भेंडीची झाडं होती, असं काही जण म्हणतात. फोर्टातले इंग्रज या भागाला ‘बिहाइंड द बझार’ म्हणत, त्याचा हा अपभ्रंश, असं दुसरे सांगतात. मुंबईत पोट भरायला आलेले बोहरा, मेमन, खोजा, कोकणी आणि उत्तरेकडचे मुसलमान या परिसरात शेजारी झाले. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी इथली रीत. जवळच इमामवाड्यात इराणी व्यापाऱ्यांनी १८६० साली बांधलेली मुघल मस्जिद आजही निळ्या फरश्यांनी उठून दिसते.

या बाजारातलं गाणं मोहल्ल्यापुरतं राहिलं नाही. नजीर खाँसाहेबांकडे मूळच्या गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर शिकल्या, आणि अंजनीबाईंकडे पुढे कुमार गंधर्व व किशोरी आमोणकर यांनी तालीम घेतली. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ ‘अमर’ या नावाने बंदिशी रचत. कर्नाटक संगीतातला हंसध्वनी त्यांनी आपल्या गायकीत आणला. लता मंगेशकर त्यांच्याकडे शिकल्या, वसंतराव देशपांडेही शिकले. मराठी घरांत रोज ऐकू येणाऱ्या गाण्याचा एक धागा असा या गल्ल्यांपर्यंत पोहोचतो. ‘मुसलमानांचा मोहल्ला’ म्हणून ज्या वस्तीला टाळलं जातं, तिचं देणं आपण नकळत रोज वापरत असतो.

आज हा मोहल्ला बदलतो आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, बकरी ईद दोन दिवसांवर असताना, पाकमोडिया स्ट्रीटवरची शंभर वर्षांहून जुनी हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं दगावली. तेव्हा जुन्या चाळींचं कौतुक करताना जपून बोलावं. टेकू दिलेल्या छताखाली लेकरं झोपवणाऱ्या आईला वारसा शिकवणं सोपं नाही. साडेसोळा एकरांवर पुनर्विकास सुरू आहे. टॉवर उभे राहत आहेत आणि पक्कं घर हा रहिवाशांचा हक्कच आहे.

पण घर बदलताना आठवणींचं गाठोडं मागे राहू नये. कुठल्या मजल्यावर कोण राहत होतं, कुठल्या खोलीत रियाज चाले, कुणाच्या ओट्यावर इफ्तारचं ताट सगळ्यांसाठी असे, हे सांगणारी माणसं अजून आहेत. इमारतीची कागदपत्रं सगळेच सांभाळतात. तुमच्या घरात अशी कुणी आजी किंवा नाना असतील, तर त्यांच्याजवळ बसून हे लिहून घ्या.