रेघ सरळ करताना

भारताचा किनारा ७५१६.६ किलोमीटर, हे शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलं. तो आकडा आता बाद झालाय. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात तो ११,०९८.८१ झाला. महाराष्ट्राचा ६५२.६ वरून ८७७.९७.

आता कोकणात समुद्र काही सव्वादोनशे किलोमीटर वाढला नाही. बदललं ते नकाशाचं प्रमाण. १९७० च्या दशकातली मोजणी १:४५ लाख प्रमाणावरची, नवी १:अडीच लाखावरची. जुन्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर! आमची वाशीची खाडी पुलापाशी दोन किलोमीटरही रुंद नाही. तिला अर्धा मिलिमीटरही जागा नाही, मग ती दिसणार कशी?

पूर्वी हे काम नकाशाकाराची नजर करायची. संगणकाला मात्र नियम द्यावा लागतो. १९७३ मध्ये डग्लस आणि प्यूकर यांनी दिलेला नियम आजही चालतो. रेघेची दोन टोकं सरळ जोडायची. मधला सर्वात लांबचा बिंदू ठरवलेल्या अंतराच्या आत असेल, तर मधलं सगळं गाळायचं. नसेल तर तो बिंदू ठेवून दोन्ही तुकड्यांना पुन्हा तेच करायचं. १९९३ मध्ये विश्वलिंगम आणि व्हायट यांनी वेगळा विचार केला. शेजारच्या तीन बिंदूंचा त्रिकोण करायचा आणि सर्वात लहान क्षेत्रफळाचा मधला बिंदू आधी काढायचा.

गंमत म्हणजे कधीकधी उलटंही करावं लागतं. बोरघाटाची वळणं लहान नकाशात रेघेच्या जाडीतच बुडतात. मग काही वळणं गाळून उरलेली मुद्दाम फुगवायची, म्हणजे 'हा घाट आहे' एवढं तरी कळतं. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेने १९९० च्या दशकात अशी वळणं बाजाच्या भात्यासारखी ताणणारी पद्धत तयार केली, तिचं नावच 'अकॉर्डियन'. थोडक्यात, खरं दाखवायला थोडं खोटं बोलायचं!

हे सगळं फक्त संगणकवाल्यांचं असतं तर मी लिहिलंच नसतं. पण १९९१ पासून किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम भरतीरेषेपासून मोजले जातात. १:२५,००० च्या नकाशात रेघ एक मिलिमीटर सरकली, तर जमिनीवर पंचवीस मीटर सरकते. तेवढ्यात एखाद्या कोळ्याचं घर मावतं, जाळी वाळवायची जागा मावते, खारफुटीचा पट्टाही मावतो.

नवी मुंबईत तर जमिनीवरच्या रेघाही बदलतात. विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाहच वळवला गेला. नकाशातली गाळलेली वळणं मूळ माहितीतून परत आणता येतात, नदीची नाही. म्हणून मला वाटतं, कुठल्याही नकाशावर बोट ठेवून 'इथे खाडी नाहीच' असं कोणी म्हणालं, तर आधी प्रमाण विचारावं. आणि मग तिथल्या कोळीवाड्यात जाऊन एकदा भरती बघून यावी.

तुमच्या गावचं असं नकाशात हरवलेलं वळण कुठलं? जरूर कळवा.