मुरगळ, घोट्याची : पुनर्वसन व्यायाम

पाऊल आतल्या बाजूला वळून घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी जखडणारे चिवट पट्टे, ताणले किंवा फाटले की घोटा मुरगळतो. त्यानंतर हालचाल, बळ आणि तोल परत मिळवण्यासाठी क्रमाने केलेल्या व्यायामांना पुनर्वसन व्यायाम म्हणतात.

व्यायामांपूर्वीच्या उपचारांसाठी टोकियोच्या एदोगावा प्रभागातील हिगाशी-कसाई येथे, जवळच्या निशी-कसाईतील मराठी कुटुंबांनाही सहज गाठता येतील अशी ‘सेक्कोत्सुइन’ आहेत. ही आपल्याकडील हाडवैद्याची आठवण करून देणारी, पण 1970 च्या कायद्यानुसार परवानाधारक ज्यूदो-चिकित्सक चालवतात अशी उपचारकेंद्रे असून, ताज्या मुरगळीवर तेथे आरोग्यविम्यातून उपचार होतात. मात्र या चिकित्सकांना क्ष-किरण चित्र काढण्याचा अधिकार नाही. त्यामुळे चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यास दुखत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडेच जावे.

सूज ओसरू लागताच पाऊल वर-खाली हलवणे, पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरे गिरवणे आणि टॉवेलने पाऊल स्वतःकडे ओढून पोटरी ताणणे, असा आरंभ होतो. वेदना सोसवेल तसे रबरी पट्ट्याच्या विरोधात पाऊल बाहेर वळवून पोटरीच्या बाहेरील स्नायू बळकट केले जातात, कारण पाऊल आत वळू लागताच त्याला सावरण्याचे काम त्यांचे असते. पुढे टाचा उचलण्याचा व्यायाम आधी दोन्ही व मग एका पायावर येतो.

सर्वांत दुर्लक्षित, पण बहुधा सर्वांत मोलाचा टप्पा तोलाचा आहे. अस्थिबंधांतील चेतातंतू दुखावल्याने पावलाची स्थिती मेंदूला नीट कळेनाशी होते, हे मायकेल फ्रीमन यांनी 1965 मध्ये मांडले आणि डगमगत्या फळीवरील सरावाला आधार मिळाला. घरी आधी भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे, ते जमल्यावर डोळे मिटून, आणि नंतर मऊ उशीवर.

जपानी घरातली सेइझा, म्हणजे गुडघे टेकून पावले मागे सरळ ताणून बसणे, घोट्याच्या बाहेरच्या अंगाच्या दुखावलेल्या पुढच्या अस्थिबंधावरच ताण आणते. उलट उकिडवे बसण्यास पाऊल पुरेसे वर वळावे लागते. त्यामुळे एक बैठक जमते म्हणून दुसरी जमेलच असे नाही.

पूर्वीची मुरगळ हा नव्या मुरगळीचा ठळक धोका असल्याने वेदना थांबल्यावरही तोलाचा सराव काही आठवडे चालू ठेवावा, आणि दुखऱ्या पायावर उड्या व दिशाबदल न अडखळता जमेपर्यंत मैदानात उतरू नये.